काचेच्या पेटीनंतर

१८९२ साली पॅरिसच्या शारिते रुग्णालयात प्येर ब्युदँ या प्रसूतितज्ज्ञाने एक साधा दवाखाना सुरू केला. बाळंतीण घरी गेली की रुग्णालयाचा आणि तिचा संबंध संपायचा; ब्युदँने तो संपू दिला नाही. ठरलेल्या दिवशी आईने बाळ घेऊन परत यायचं, बाळाला तागडीत ठेवायचं, वजन मांडून घ्यायचं, दूध पुरतंय का ते डॉक्टरांनी बघायचं आणि पुढची तारीख द्यायची. एवढंच. यात कुठलं औषध नव्हतं की यंत्र नव्हतं. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या इतिहासात या दवाखान्याचं मोल काचेच्या पेटीइतकंच आहे. बाळं पेटीने जगवली. जगल्यावर त्यांचं काय झालं, हे सांगायला मात्र तागडी आणि वही लागली.

पेटी होती ब्युदँच्या गुरूची. स्तेफान तार्निए याने पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात अंडी उबवायचं यंत्र पाहिलं आणि १८८०च्या सुमारास तसंच एक साधन मातेर्निते रुग्णालयात बाळांसाठी बसवून घेतलं. खाली गरम पाणी, वरच्या कप्प्यात बाळं. दोन किलोंच्या आतली शंभरातली ६६ बाळं तोवर दगावत. पेटी आल्यावर हा आकडा ३८वर आला. एवढा फरक निव्वळ उबेने पडला होता.

पुढे पेटीचा तमाशाही झाला. १८९६च्या बर्लिन प्रदर्शनात पेट्यांमधली जिवंत बाळं मांडली गेली. नंतर १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत, पाळणे आणि झुल्यांच्या शेजारी, हाच खेळ चालवला. तिकीट पंचवीस सेंट. हसू येण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेतली बहुतेक रुग्णालयं त्या काळी या बाळांसाठी फारसं काही करत नव्हती आणि कूनी आईबापांकडून एक छदामही घेत नव्हता. खर्च प्रेक्षकांच्या तिकिटांतून निघे. हजारो बाळं तिथे वाढून घरी गेली. पण फाटकाबाहेर पडलेल्या बाळाशी जत्रेचा संबंध उरत नसे. त्यांतली किती जण पन्नाशीत मधुमेही झाली, किती जणांचा रक्तदाब वाढला, हे विचारायचं त्या काळी कुणाच्या मनातही आलं नसतं. जगलं, हीच बातमी मोठी होती.

आपल्याकडेही प्रश्न तेवढाच होता. सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं जुनी माणसं सांगत. प्राचीन ग्रीक वैद्यकातही हीच समजूत आढळते. प्रत्यक्षात पोटात काढलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक बाळाची आशा वाढतच जाते. पण समज चुकीचा असला तरी त्यातला प्रश्न खरा होता: जगेल का? मोठं झाल्यावर त्याच्या रक्तातल्या साखरेचं काय होईल, हा प्रश्न पडायला आधी बाळांनी मोठ्या संख्येने जगणं भाग होतं. म्हणून या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास उशिरा सुरू होतो, आणि तो बहुतेक सगळा जपून ठेवलेल्या वह्यांचा इतिहास आहे.

लहान की लवकर?

आधी एक घोळ निस्तरायला हवा होता. फिनलंडचा बालरोगतज्ज्ञ आर्वो युल्प्यो पहिल्या महायुद्धाच्या काळात बर्लिनमध्ये काम करत होता. अडीच किलोंच्या आतलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरावं, हा निकष त्याच्या कामातून रूढ झाला. वजन करणं सोपं, आठवडे मोजणं अवघड. त्यामुळे निकष सोयीचा होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही सुरुवातीला तोच उचलला.

सोयीपायी दोन वेगळी बाळं एका नावाखाली आली. एक बाळ बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं. त्या आठवड्याला जेवढं असायला हवं तेवढं त्याचं वजन बरोबर. दुसरं पूर्ण नऊ महिने पोटात राहूनही दोन किलोंचंच. पहिलं लवकर आलेलं, दुसरं पोटात उपाशी राहिलेलं. तिसराही एक प्रकार होता, लवकरही आणि लहानही. १९६१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी वजन आणि अपुरे दिवस या गोष्टी वेगळ्या केल्या. ३७ आठवड्यांच्या आतली प्रसूती ती अपुऱ्या दिवसांची, हा आजचा अर्थ पुढे पक्का झाला. १९६३ साली डेन्व्हरमध्ये लुला लुबचेंको यांनी कितव्या आठवड्याला किती वजन असतं याचे आलेख छापले, तेव्हा वॉर्डातल्या डॉक्टरांना ‘लहान’ आणि ‘लवकर’ यांतला फरक एका नजरेत दिसू लागला. पुढच्या सगळ्या कथेत हा फरक पुन्हा पुन्हा आडवा येणार आहे.

उपाशी ठेवलेली बाळं

विसाव्या शतकाच्या मध्यावर या बाळांवर दोन उपाय झाले. दोन्ही भल्या हेतूने केलेले, आणि दोन्हींची किंमत बाळं घरी गेल्यावर कळली.

पहिला प्राणवायूचा. पेट्या अधिक घट्ट आणि अधिक चांगल्या झाल्या, प्राणवायू हवा तेवढा सोडता येऊ लागला, आणि तो सढळ हाताने सोडला गेला. १९४०च्या दशकात चांगल्या, सुसज्ज रुग्णालयांतून घरी गेलेली बाळं आंधळी निघू लागली. १९५१मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी अतिरिक्त प्राणवायूकडे बोट दाखवलं. पुढे अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीने ते खरं ठरवलं. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती.

दुसरा उपाय उपवासाचा. गिळता न येणाऱ्या बाळाच्या फुप्फुसात दूध जाईल या भीतीने दोन-दोन, तीन-तीन दिवस त्याला काहीच द्यायचं नाही, अशी रीत अनेक देशांत पडली होती. ज्या बाळांच्या अंगावर चरबीचा साठा नावापुरता होता, त्यांनाच हा उपास घडत होता. १९६४मध्ये ऑक्सफर्डच्या व्हिक्टोरिया स्मॉलपीस आणि पामेला डेव्हिस यांनी जन्मल्यानंतर लगेचच पाणी न घातलेलं आईचं दूध द्यायला सुरुवात केली आणि त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापले. रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली जाणं कमी झालं, कावीळही कमी झाली. या बाळांना भरवायचं, आणि लवकर भरवायचं, हे तिथून रुजलं. किती भरवायचं, हा वाद मात्र अजून जन्माला यायचा होता.

जगणाऱ्यांची पिढी

७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंहून थोडं जास्त. फुप्फुसं उघडी राहायला लागणारा स्निग्ध द्राव त्याच्या फुप्फुसांत पुरेसा तयार झाला नव्हता. देशातले उत्तम डॉक्टर हाताशी असूनही ते बाळ सुमारे ३९ तासांत गेलं. आज असं बाळ दगावलं तर डॉक्टरांना जाब विचारला जाईल. तेव्हा अध्यक्षांनाही इलाज नव्हता.

इलाज न्यूझीलंडमधून आला. ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांच्या प्रसूतीचा अभ्यास करत होते. स्टिरॉइड दिल्यावर अगदी लवकर जन्मलेलं कोकरू श्वास घेतं, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी आणि रॉस होवी यांनी वेळेआधी कळा सुरू झालेल्या बायकांना बीटामेथासोनची इंजेक्शनं देऊन चाचणी केली. १९७२मध्ये निष्कर्ष आले: बाळांचा श्वासाचा आजार आणि मृत्यू दोन्ही घटले. १९८०मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी तोच स्निग्ध द्राव बाहेरून थेट बाळाच्या फुप्फुसात सोडून दाखवला. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत एक किलोचं बाळ जगणं ही वर्तमानपत्री बातमी राहिली नाही.

या बाळांना पुन्हा बोलावून तपासायची पद्धतही एव्हाना पडली होती. मेंदू, डोळे, कान, चालणं, शाळा हे सगळं पाहिलं जाई. साखर, इन्सुलिन, रक्तदाब यांचा पत्ता त्या यादीत नव्हता. मधुमेह हा पन्नाशीचा आजार, त्याचं बाळाच्या पेटीशी काय नातं असणार?

हर्टफर्डशरच्या वह्या

ते नातं सुचवणारा पुरावा इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात पडून होता. १९११पासून तिथे एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली सुइणी आणि आरोग्यसेविका घरोघर जात. प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन, एक वर्षाचं वजन आणि दूध कुठलं याची नोंद मोठ्या वह्यांत होई. साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी या वह्या शोधून काढल्या आणि १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचं पुढे काय झालं ते तपासलं. जन्मताना आणि वर्षाचे असताना ज्यांचं वजन सर्वांत कमी, त्यांच्यात हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. १९८९मध्ये हे प्रसिद्ध झालं. दोन वर्षांत केंब्रिजच्या निक हेल्स यांच्याबरोबर केलेल्या कामातून मधुमेहाचंही तेच दिसलं. दोघांनी मांडलेला तर्क असा: पोटात अन्न कमी पडलं की गर्भ काटकसर शिकतो, मेंदू वाचवतो आणि स्वादुपिंड, स्नायू यांच्यावर कात्री चालवतो. नंतर आयुष्यात अन्न मुबलक मिळालं की ही काटकसरी घडण अंगाशी येते.

गदारोळ झाला. गरिबीचा परिणाम वजनाच्या माथी मारताय, असं टीकाकार म्हणाले. आणखी एक अडचण होती, ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. त्या वह्यांत वजन होतं, पण गर्भाचे आठवडे नव्हते. ‘लहान’ आणि ‘लवकर’ पुन्हा एकाच रकान्यात बसले होते.

पुणे, रास्ता पेठ

पुण्याच्या रास्ता पेठेतल्या के. ई. एम. रुग्णालयात त्याच सुमारास दोन वेगवेगळ्या वाटांनी हाच प्रश्न आला होता. एक वाट मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागातून. डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डहून शिकून परतले होते. इंग्लंडमधला मधुमेही साठीचा आणि लठ्ठ. पुण्यातला चाळिशीचा आणि दिसायला बारीक. पुस्तकातला मधुमेह समोरच्या माणसांना लागू पडत नव्हता. दुसरी वाट नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून. डॉ. आनंद पंडित, डॉ. सुधा चौधरी आणि त्यांचे सहकारी दोन किलोंच्या आतली बाळं जगवत होते आणि घरी पाठवल्यावर त्यांना पुन्हा बोलावत होते.

बार्कर आणि त्यांच्या सहकारी कॅरोलाइन फॉल यांचा पुण्याशी संबंध आला तेव्हा याज्ञिकांपुढे एक संधी होती, जी हर्टफर्डशरमध्ये नव्हती. तिथली माणसं म्हातारी झाली होती किंवा वारली होती. पुण्यात १९८७ ते १९८९च्या सुमारास जन्मलेली, वजन माहीत असलेली मुलं अजून बालवाडीत होती. आजार व्हायची वाट न बघता त्याचं मूळ किती लहानपणी दिसतं ते पाहता येणार होतं.

चार वर्षांची ३७९ मुलं रुग्णालयात आली. उपाशीपोटी रक्त, मग ग्लुकोजचं पाणी, मग पुन्हा रक्त. चार वर्षांच्या मुलाला हे सगळं करायला राजी करणं किती कठीण, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. १९९५मध्ये निष्कर्ष छापले गेले. जन्मल्यावर अतिदक्षता विभागात न जाता नेहमीच्या बाळंतिणींच्या वॉर्डात राहिलेल्या मुलांपैकी ज्यांचं जन्मवजन कमी, त्यांच्या रक्तात ग्लुकोज प्यायल्यानंतर अर्ध्या तासाने साखरही जास्त आणि इन्सुलिनही जास्त. मुलं निरोगी होती, बारीक होती. मधुमेह कुणालाच नव्हता. पण तीच साखर पेशींत ढकलायला काहींच्या शरीराला आतापासूनच जास्त इन्सुलिन खर्चावं लागत होतं.

आठव्या वर्षी ही मुलं आणि त्यांच्याबरोबर आणखी मुलं, मिळून ४७७ जणांची तपासणी झाली. १९९९च्या त्या निबंधाचे पहिले लेखक डॉ. आशिष बावडेकर. त्यातून निघालेला निष्कर्ष मराठी घरांना पचायला जड होता. इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी मुलं ती, जी जन्मली लहान आणि आठव्या वर्षापर्यंत वजनाने मोठी झाली. म्हणजे नुसतं लहान असणं नव्हे, लहान जन्मून झपाट्याने भरणं. जन्मतः अशक्त म्हणून ज्या लेकराला आजीने साय-साखर खाऊ घालून गुटगुटीत केलं आणि ज्याचं शेजारीपाजारी कौतुक झालं, ते लेकरू या आलेखात सर्वांत धोक्याच्या कोपऱ्यात बसत होतं.

१९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत याज्ञिकांनी गरोदरपणाच्याही आधीपासून बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. पण कातडीखालची चरबी मोजली तेव्हा पुण्याचं बाळ त्या हिशेबात मागे पडलेलं दिसलं नाही. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी त्या मानाने जपली गेली होती. वरून बारीक, आतून चरबीदार. २००३मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पुण्याचं बाळ जगभरच्या वैद्यकीय चर्चांत पोहोचलं.

हा सगळा अभ्यास मुख्यतः पूर्ण दिवसांच्या, पण लहान बाळांचा होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची वही सुधा चौधरी यांच्याकडे होती. दोन किलोंच्या आत जन्मलेली १६१ मुलं आणि तुलनेला पूर्ण दिवसांची, पूर्ण वजनाची ७३ मुलं त्यांच्या चमूने थेट अठराव्या वर्षापर्यंत पाहिली. ती तीन गटांत विभागली होती: लवकर पण वजन बरोबर, वेळेवर पण लहान, आणि लवकरही व लहानही. शेवटचा गट बुद्धिमापनात सर्वांत मागे राहिला. भाड्याची घरं बदलणाऱ्या, गाव सोडणाऱ्या, फोन नसलेल्या कुटुंबांतली मुलं अठरा वर्षं शोधत राहणं हे काम किती चिकाटीचं, हे निबंधातल्या कोरड्या आकड्यांतून कळत नाही.

लवकर येण्याची वेगळी किंमत

‘लहान’चं उत्तर पुण्याने दिलं होतं. ‘लवकर’चं उत्तर २००४मध्ये ऑकलंडहून आलं, जिथे स्टिरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली होती त्याच शहरातून. पॉल हॉफमन, वेन कटफील्ड आणि सहकाऱ्यांनी चार ते दहा वर्षांची ७२ निरोगी मुलं तपासली. त्यांतली ५० बत्तीस आठवडे किंवा त्याआधी जन्मलेली. इन्सुलिनला दाद देण्याची त्यांची क्षमता सुमारे एक-तृतीयांशाने किंवा त्याहून जास्त कमी निघाली. आणि नवल म्हणजे, जन्मताना त्या आठवड्याला योग्य असं वजन असलेलं मूलही यातून सुटलं नव्हतं. पोटात उपासमार झाली नसली तरी केवळ लवकर येणं पुरेसं होतं.

तीन वर्षांनी हेलसिंकीहून दुजोरा मिळाला. युल्प्योच्या देशात १९७८ ते १९८५ या काळात दीड किलोंच्या आत जन्मलेल्या १६३ तरुणांची तुलना पूर्ण दिवसांच्या १६९ तरुणांशी झाली. ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी पहिल्या गटाचं इन्सुलिन ४० टक्क्यांनी जास्त होतं. वरचा रक्तदाब सरासरी जवळजवळ पाच अंकांनी चढा. विशी-पंचविशीतली, कामाला जाणारी माणसं. बहुतेकांना आपल्या शरीरात असं काही चालू आहे याची कल्पनाही नसणार.

मग संशय स्टिरॉइडवर आला. आईला दिलेल्या इंजेक्शनांनीच तर बाळाची घडण बिघडवली नाही? याचं उत्तर द्यायला लिगिन्स यांच्या जुन्या चाचणीतली बाळं हजर होती, आता तिशीतली. २००५मध्ये स्टुअर्ट डॅलझिएल आणि सहकाऱ्यांनी त्यांना शोधून तपासलं. स्टिरॉइड मिळालेल्यांत ग्लुकोजनंतरचं इन्सुलिन थोडं जास्त होतं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह यांत फरक नव्हता. इतके जीव वाचवणारं इंजेक्शन बहुतांशी निर्दोष ठरलं. हेलसिंकीतल्याच आणखी जुन्या नोंदी, १९३४ ते १९४४ मधल्या, हेच वेगळ्या बाजूने सांगत होत्या. तेव्हा स्टिरॉइड नव्हतं, आजच्यासारखी दक्षता नव्हती. तरी ३५ आठवड्यांआधी जन्मलेल्यांत म्हातारपणी मधुमेहाची शक्यता सुमारे १.७ पट निघाली.

मग कारण काय? उत्तर शेवटच्या तीन महिन्यांत शोधावं लागतं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळ किलोभराचं असतं, दिवस भरेपर्यंत ते जवळपास तिप्पट होतं. याच काळात स्नायू भरतात, कातडीखाली चरबी येते, इन्सुलिन करणाऱ्या पेशी वाढतात, मूत्रपिंडाच्या गाळण्या पूर्ण होतात. लांबच्या प्रवासाची शिदोरी बांधायचे हे दिवस. शिदोरी अर्धी असतानाच निघावं लागलं तर पुढचा प्रवास होतो, पण वाटेत पुरवठा वेगळ्या मार्गाने करावा लागतो. लवकर आलेल्या बाळाची ही बांधणी पोटाबाहेर होते, सलाइनच्या नळ्या, जंतुसंसर्ग आणि सतत वाजणाऱ्या यंत्रांच्या सोबतीने. लंडनमध्ये अशा बाळांचे एमआरआय काढले तेव्हा दिसलं की दिवस भरायच्या तारखेला पोचेपर्यंत त्यांची एकूण चरबी इतरांएवढी असते, पण ती कातडीखाली कमी आणि पोटाच्या आत जास्त साठलेली असते. तरुणपणीही यकृतात आणि स्नायूंत ती वाजवीपेक्षा जास्त आढळली. पुण्याच्या पूर्ण दिवसांच्या बाळांमध्ये जे दिसलं, त्याचीच सावली वेगळ्या कारणाने इथे पडली होती.

किती भरवायचं?

आता ऑक्सफर्डच्या त्या जुन्या कामातून निघालेला प्रश्न पूर्ण तिढा होऊन समोर आला. ब्रिटनमध्ये ॲलन लुकास यांनी १९८२ ते १९८५ या काळात १,८५० ग्रॅमच्या आतल्या ९२६ बाळांवर दुधाच्या चाचण्या सुरू केल्या होत्या. कुणाला साधं पावडरचं दूध, कुणाला जास्त पौष्टिक केलेलं, कुणाला दान केलेलं आईचं दूध. काही आठवड्यांचा फरक. पण तो पुढे वर्षानुवर्षं मोजला गेला. जास्त पौष्टिक दूध मिळालेली मुलं, विशेषतः मुलगे, सात-आठ वर्षांची असताना बुद्धिमापनात पुढे होती. मेंदूला अन्न लागतं, हे पक्कं झालं. पण तीच मुलं तेरा ते सोळा वर्षांची झाल्यावर अतुल सिंघल आणि लुकास यांनी रक्त तपासलं, तेव्हा २००३मध्ये उलटी बाजू पुढे आली. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत ज्यांचं वजन झपाट्याने वाढलं होतं, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची खूण जास्त होती. जे मेंदूला तारत होतं तेच पुढे साखरेला भारी पडत होतं.

दान केलेल्या आईच्या दुधाने या तिढ्यात थोडी वाट काढली. ते दूध मिळालेल्या मुलांचा रक्तदाब किशोरवयात कमी निघाला. योगायोग असा की अशा दुधाची आशियातली पहिली पेढी १९८९मध्ये मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी उघडली होती. त्यांच्यासमोर रक्तदाबाचा प्रश्न नव्हताच. पावडरच्या दुधाने आतड्याचे जंतुसंसर्ग होऊन बाळं दगावत होती, ती थांबवायची होती. तातडीचा आणि लांबचा प्रश्न एकाच दुधाने थोडाफार सोडवला, एवढं मात्र खरं.

आज बहुतेक तज्ज्ञ ज्या मध्यबिंदूवर येऊन थांबले आहेत तो असा: पेटीतल्या आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत या बाळाला पोटभर मिळालंच पाहिजे, मेंदूशी तडजोड नको. शक्यतो आईचंच दूध, लागलं तर पौष्टिक करून. एकदा वाढ मार्गी लागली, मूल दोन-तीन वर्षांचं झालं, की बाळसं वाढवण्याची शर्यत थांबवायची. बिस्किटं, साखर घातलेलं दूध आणि कौतुकाचे दोन जास्तीचे घास ही गरज तिथे संपलेली असते. खेळणं, धावणं आणि स्नायू वाढणं हे या मुलांना इतरांपेक्षा जास्त लागतं, कारण त्यांच्या शरीरात कमतरता स्नायूंचीच असते.

पुढची वही

स्वीडनमध्ये १९७३ ते २०१४ या काळात जन्मलेल्या सुमारे ४२ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या माणसांत १८ ते ४३ या वयात टाइप २ मधुमेहाची शक्यता सुमारे दीडपट दिसली. दीडपट हा शब्द घाबरवतो. पण या वयात टाइप २ मधुमेह मुळात थोड्यांनाच होतो, त्याच्या दीडपट म्हणजेही थोडेच. या मुलांपैकी बहुतेक जण निरोगी मोठी होतात, हे प्रत्येक आईबापाला ठणकावून सांगायला हवं. धोका वाढतो याचा अर्थ नशीब लिहिलं गेलं असा होत नाही. लवकर रक्तदाब मोजावा, तिशीच्या आतच साखर बघावी, वजनावर लक्ष ठेवावं, एवढाच होतो.

आपल्या देशात ही गोष्ट स्वीडनपेक्षा मोठी आहे. २०२०मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगात सर्वांत जास्त. त्यांतली कितीतरी आता जगतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९०च्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत नवजात बाळांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला, आणि घरच्या घरी जगवण्याची ही रीत पुढे आशाताईंच्या हाती देशभर गेली. आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत नवजात बाळाच्या घरी जाते, वजन करते, नोंद करते. ब्युदँच्या दवाखान्याचं हेच काम ती दारात जाऊन करते.

बेचाळीस दिवसांनंतर, किंवा फार तर पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर, ही नोंद हरवते. चाळिशीचा माणूस रक्तदाबासाठी डॉक्टरांकडे जातो तेव्हा वडिलांना मधुमेह होता का, तंबाखू खाता का, हे विचारलं जातं. तुम्ही किती आठवड्यांचे जन्मलात, हे सहसा कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी बहुतेकांना सांगता येणार नाही. रुग्णालयातून घरी जाताना मिळालेल्या कागदावर ते लिहिलेलं असतं. तो कागद शाळेच्या दाखल्यासारखा जपला गेला तर हा प्रश्न विचारता येईल.

आणि जे ठामपणे कळलेलं आहे तेही अजून अर्धंच आहे. फुजिवारा यांच्या शोधानंतर, १९९०च्या दशकात, किलोभर वजनाची बाळं पहिल्यांदा मोठ्या संख्येने जगली. ती आता तिशीत आहेत. मधुमेह आणि हृदयविकार ज्या वयात खरे डोकं वर काढतात त्या साठीला ती २०५०नंतर पोहोचतील. त्याआधीची अशी पिढी जगात नव्हती, म्हणून त्यांच्या साठीबद्दल सांगणारी कुठलीही जुनी वही हर्टफर्डशरला नाही आणि पुण्यालाही नाही. ती वही त्यांची त्यांनाच, त्यांच्या डॉक्टरांच्या मदतीने, आतापासून लिहायला घ्यावी लागेल.